गाडी पुढून उंच करताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: माझ्याकडे इसुझू व्ही-क्रॉस आहे. शेतातल्या वाटेवर पुढून घासते, म्हणून पुढची बाजू ५० मिमी उचलायची आहे. एक गॅरेजवाला म्हणतो, शॉकअपच्या डोक्यावर २५ मिमीचा ॲल्युमिनियमचा स्पेसर बसवू. दुसरा म्हणतो, स्प्रिंगच्या बैठकीत चकती घालू. तिसरा स्प्रिंग आणि शॉकअपचा पूर्ण जोडच बदलायला सांगतो, त्याचा खर्च कितीतरी जास्त आहे. २५ मिमीच्या तुकड्यानं ५० मिमी उंची कशी मिळते? आणि तिन्हींत सुरक्षित काय? (सातारा)

उत्तर: आधी हिशेब. व्ही-क्रॉस, हायलक्स, २०२० नंतरची थार या गाड्यांना पुढच्या प्रत्येक चाकाला दोन आर्म (चाक चॅसीला जोडणारे हात) आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंगसकट उभा शॉकअप अशी रचना असते. शॉकअपचं खालचं टोक आर्मच्या साधारण मध्यावर टेकतं, चाक मात्र आर्मच्या टोकाला असतं. म्हणून शॉकअप १ मिमी लांबला की चाक जवळपास २ मिमी खाली जातं. २५ मिमीचा स्पेसर ५० मिमी उंची देतो तो असा. हे दुप्पट होणं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं दुखणं त्यातूनच येतं.

तिन्ही वाटांनी मडगार्ड तेवढंच वर जातं. खरा फरक दिसतो चाक हवेत लोंबतं तेव्हा, म्हणजे खड्ड्यात, बांधावरून उतरताना किंवा स्पीडब्रेकर ओलांडल्यावर. या गाड्यांमध्ये चाकाला जास्त खाली जाऊ न देण्याचं काम शॉकअपच करतो. तो पूर्ण उघडला की चाक थांबतं, आणि त्या मापावरच कंपनीनं बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) आणि सीव्ही जॉइंटचा (इंजिनाचा जोर चाकाला देणाऱ्या दांडीच्या सांध्याचा) कोन ठरवलेला असतो.

डोक्यावरच्या स्पेसरमुळे अख्खा शॉकअप २५ मिमी खाली सरकतो, त्यामुळे चाक पूर्वीपेक्षा ५० मिमी जास्त लोंबू शकतं. तिथे तीन गोष्टी बिघडतात. वरचा बॉल जॉइंट कोनाच्या शेवटाला जाऊन अडकतो आणि त्याची पिन वाकवली जाते. काही गाड्यांमध्ये वरचा आर्म स्प्रिंगला लागतो. रंग खरवडलेली चकचकीत खूण दिसली तर तेच झालंय असं समजा. आणि फोर-व्हील गाडीत सीव्ही जॉइंटच्या रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासून फाटतात. ग्रीस बाहेर, धूळ आत, मग वळणावर टक-टक आवाज. उलट्या दिशेनंही त्रास आहे. चाक पूर्ण वर दाबलं गेलं की शॉकअप आता २५ मिमी जास्त मिटावा लागतो. त्याच्यात तेवढी जागा शिल्लक नसेल तर बंप स्टॉपरचं रबर टेकण्याआधी शॉकअप आतून धातूवर धातू आपटतो. गळका शॉकअप आणि वाकलेला रॉड बहुतेक वेळा यातूनच येतो.

स्प्रिंगच्या बैठकीतल्या चकतीनं शॉकअपची लांबी बदलत नाही, त्यामुळे चाक पूर्वीइतकंच लोंबतं. बॉल जॉइंट आणि सीव्हीच्या दृष्टीनं ही वाट बरी. पण गाडी वर उभी राहिल्यानं लोंबती चाल कमी उरते. समजा आधी ९० मिमी होती, ती ४० वर आली. मग प्रत्येक स्पीडब्रेकरनंतर शॉकअप उघडून ठक्कन थांबतो. शिवाय जाड चकती घातली तर पूर्ण दाबावर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकू शकतात. तशी टेकलेली स्प्रिंग तुटते.

तिसरी वाट, म्हणजे ठरलेल्या उंचीची स्प्रिंग आणि तिच्याच मापाचा शॉकअप, आम्ही सुचवू. त्यात लोंबण्याची हद्द बॉल जॉइंटच्या कोनाकडे पाहून ठरवलेली असते आणि शॉकअपचं दमन नव्या स्प्रिंगशी जुळतं. मागताना गॅरेजला एवढंच विचारा: बंपरवर लोखंडी गार्ड किंवा विंच आहे का, याप्रमाणे स्प्रिंग निवडली का? रिकाम्या बंपरच्या गाडीला जड गार्डची स्प्रिंग बसवली तर ५० ऐवजी ७० मिमी उचलते आणि सगळे कोन पुन्हा हद्दीबाहेर जातात.

तरीही स्पेसरच घ्यायचा असेल तर डोक्यावर २० मिमीच्या वर जाऊ नका आणि दोन स्पेसर एकावर एक कधीही ठेवू नका. लेथवर नायलॉनचा तुकडा कापून, जुन्या स्टडला (शॉकअपच्या डोक्यावरच्या बोल्टला) वेल्डिंगनं शेपटी जोडून दिलेलं काम सरळ परत करा. कडक केलेल्या स्टडला वेल्डिंगची आच लागली की सांध्याशेजारी तो ठिसूळ होतो आणि एके दिवशी कापल्यासारखा तुटतो. नट पूर्ण बसून स्टडचे किमान दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत.

काम झाल्यावर चाकं लोंबत ठेवून स्टिअरिंग डावीकडे आणि उजवीकडे शेवटापर्यंत फिरवा. ब्रेकचा रबरी पाइप आणि एबीएसची वायर ताणली जाते का ते हातानं चाचपून पाहा. अलाइनमेंट त्याच दिवशी करा, कारण उंची वाढली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बाहेर जातो आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) कमी होतो. कॅस्टर कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, हायवेवर गाडी सैरभैर वाटते. हायलक्समध्ये खालच्या आर्मच्या कॅम बोल्टनं (फिरवून कोन बदलायच्या बोल्टनं) काही भरपाई होते. ५० मिमीला तीही संपते आणि वरचा आर्म बदलावा लागतो. हा खर्च पहिल्याच दिवशी अंदाजात धरा. त्यात काटकसर केली तर पुढची नवी टायरं आतून-बाहेरून वेडीवाकडी झिजतात.

आणखी दोन गोष्टी लोक विसरतात. फक्त पुढची बाजू ५० मिमी वर गेली तर सुमारे ३०८५ मिमी व्हीलबेसच्या पिकअपमध्ये गाडी जवळजवळ १ अंशानं मागे झुकते. २५ मीटरवर हेडलाइटचा झोत सुमारे ४० सेंटीमीटर वर जातो, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत. दिवे खाली घ्याच. दुसरं, मागचीही बाजू उचलणार असाल आणि गाडीला मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व (मालाच्या वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) असेल, तर त्याची दांडी नव्या उंचीला जुळवून घ्या. नाहीतर व्हॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीतही मागच्या ब्रेकला कमी दाब जातो.

---

प्रश्न: जुनी थार सीआरडीई आहे, टॉर्शन बारवाली, म्हणजे पुढे स्प्रिंगऐवजी पिळ घेणाऱ्या दांड्यांची. मेकॅनिकनं खालचे बोल्ट आवळून पुढून चांगली दोन-अडीच इंच वर घेतली. दिसते झकास, पण आता दगडासारखी कडक झाली आणि खड्ड्यातून बाहेर येताना धाडकन आवाज येतो. बार कडक झाले का? (मुळशी)

उत्तर: बार कडक झालेले नाहीत. टॉर्शन बारचा कडकपणा त्याच्या जाडीवर आणि लांबीवर ठरतो, बोल्ट कितीही आवळला तरी तो तेवढाच राहतो. बोल्टनं फक्त आर्मची सुरुवातीची जागा बदलते. तुमच्या गाडीत आर्म आता उभ्या जागीच जवळजवळ शेवटापर्यंत खाली गेलाय. खाली जायला चालच नाही, म्हणून चाक जरा मोकळं झालं की वरचा आर्म रिबाउंड स्टॉपरवर (आर्मला जास्त खाली जाऊ न देणाऱ्या रबरावर) आदळतो. तो धाडकन आवाज त्याचाच. असंच चालवलं तर आधी स्टॉपर फुटेल, मग वरच्या आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) जातील. फोर-व्हील असेल तर सीव्हीचे बूटही वाचणार नाहीत.

गाडी खाली घ्या, पण मापून. सपाट फरशीवर उभी करा, चारही टायरांत ठरलेली हवा भरा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर टेपनं लिहून ठेवा. टायरच्या जाडीनं हे माप बदलत नाही, म्हणून जमिनीपासून मोजू नका. मग मागच्या चाकांना ओट (अटकाव) लावा, पुढची बाजू चॅसीखाली जॅक लावून उचला आणि चॅसीखाली घोड्या (जॅक स्टँड) ठेवा. चाकं पूर्ण लोंबल्यावर तेच माप पुन्हा घ्या. लोंबतं माप वजा उभं माप, ही तुमची उरलेली लोंबती चाल. ती ५० मिमीपेक्षा कमी असेल तर उंची जास्त झालीय, मग बाहेरून गाडी कशीही दिसो.

चाकं लोंबत असतानाच बोल्ट फिरवा. गाडीचं वजन चाकांवर असताना फिरवलेला बोल्ट आटे खाऊन बसतो. आधी तारेच्या ब्रशनं माती काढा, आट्यांना ग्रीस लावा, जुनी जागा रंगानं खुणावा. दोन्हीकडे एकेक फेरा सैल करा, गाडी खाली ठेवा, दहाएक मीटर पुढे-मागे फिरवा, बॉनेट दाबून दोन-चार हिसके द्या, मग मोजा. न फिरवता मोजलं तर टायर आडवे ताणून धरतात आणि माप खोटं येतं. दोन्ही बाजूंना फेरे सारखे यायलाच हवेत असं नाही. माप सारखं यायला हवं, ५ मिमीच्या आत.

या गाडीला २५ ते ३० मिमी ही आमच्या मते हद्द. कोणी बार काढून टोकाचे दाते बदलून बसवायला सांगितलं, तर डावा-उजवा बार अदलाबदल होणार नाही हे पाहा. प्रत्येक बार एकाच दिशेनं पिळ घ्यायला बनवलेला असतो आणि उलटा बसवला तर तुटू शकतो.

---

प्रश्न: टाटा ४०७ आहे, ऊस आणि खडीची वाहतूक करतो. पुढचे पाटे बसलेत, गाडी पुढून खाली गेलीय. फिटर म्हणतो, ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये दोन इंचाचा लोखंडी ठोकळा घालू, तासाभराचं काम. मागे तर ठोकळे कंपन्याही घालतात ना? (बारामती)

उत्तर: पुढे ठोकळा घालू नका. या पानावरच्या सगळ्या उत्तरांतलं हे एक उत्तर तरी विनाअट पाळा.

मागे ठोकळा चालतो, पुढे का नाही, ते ब्रेकमुळे. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं आणि थांबवण्याचं बरंचसं काम पुढची चाकं करतात. टायर रस्त्यावर जो मागे खेचणारा जोर घेतं, तो ॲक्सलला पिळायला बघतो. पाटा थेट ॲक्सलवर रुंद बैठकीत बसलेला असतो तेव्हा तो पिळ पाट्यांत जातो. मध्ये दोन इंचाचा ठोकळा आला की तो पिळ फक्त पाटा ॲक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टच्या पकडीवर आणि सेंटर बोल्टच्या लहानशा डोक्यावर येतो. यू-बोल्ट जरा ढिला झाला की ठोकळा कलंडतो. तो निसटला तर ॲक्सल एका बाजूनं मागे सरकतो, ड्रॅग लिंक (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारी दांडी) स्टिअरिंग ओढते, आणि खडीनं भरलेली गाडी ड्रायव्हरनं न वळवताच वळते.

पाटे बसलेत, म्हणजे पोलाद थकलंय. ठोकून पुन्हा वाक दिलेले पाटे काही महिन्यांत परत सपाट होतात, कारण ठोकण्यानं पोलादाचा कस परत येत नाही. दोन्ही बाजूंचा पूर्ण जोड एकाच वेळी बदला. एकच बाजू बदलली तर गाडी ब्रेकला एका बाजूला ओढेल. सतत जास्त माल असेल तर एक जादा पाटा घालता येतो, पण तोही दोन्ही बाजूंना आणि त्या जोडासाठी बनलेलाच.

लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चॅसीला टांगणारी कडी) हीसुद्धा सोपी वाट वाटते. शॅकल २ इंच लांब केला तर उंची १ इंचच मिळते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागचं हलत नाही. बदल्यात ॲक्सल फिरतो. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर कॅस्टर कमी होतो आणि वेगात स्टिअरिंग हलकं, भिरभिरतं होतं. मागच्या टोकाला असेल तर कॅस्टर वाढतो आणि स्टिअरिंग जड होतं.

यू-बोल्ट मात्र नवेच घ्या. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही. चारही नट कर्णाच्या क्रमानं, टॉर्क रेंचनं, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना आवळा. पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० नंतर तपासा.

---

प्रश्न: टेक्सासमध्ये राहतो. फोर्ड एफ-२५० फोर-बाय-फोर आहे. इथे ट्रकची पुढची बाजू मागच्याइतकी उंच करून घेतात. मी कॉइल स्प्रिंगवर अडीच इंचाचे स्पेसर बसवून घेतले. आता ताशी ६० मैलांच्या आसपास पुलाच्या सांध्यावरून गेलो की अख्खं स्टिअरिंग थडथडतं, ब्रेक मारून थांबावंच लागतं. दुकानानं जाड स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हिसके जिरवणारा शॉकअप) बसवला, थोडं कमी झालं. (ह्यूस्टन)

उत्तर: डॅम्परनं लक्षण झाकलं, कारण तसंच राहिलं. झाकलेलं परत येतं, बहुधा जास्त वेगात. तोवर हायवेवर वेग कमी ठेवा.

तुमच्या ट्रकला पुढे अखंड ॲक्सल आहे. तो पुढे-मागे दोन रेडियस आर्मनी आणि आडवा एका पॅनहार्ड पट्टीनं धरलेला असतो. गाडी वर गेली की या तिन्हींचे कोन बदलतात. रेडियस आर्म ॲक्सलला फिरवतात आणि कॅस्टर घटतो. पट्टीची लांबी तीच, पण ती आता जास्त तिरकी, म्हणून ॲक्सल आडवा सरकतो, पट्टी चॅसीला जिकडे जोडली आहे तिकडे. डाव्या आणि उजव्या चाकाचं चॅसीपासूनचं अंतर टेपनं मोजा, फरक लगेच दिसेल.

सुरुवात पट्टीपासून करा. चाकं जमिनीवर, इंजिन चालू ठेवून एकानं स्टिअरिंग मध्याच्या दोन्ही बाजूंना थोडं-थोडं झपाझप हलवायचं, दुसऱ्यानं बाजूला राहून पट्टीच्या दोन्ही टोकांकडे नुसतं बघायचं, हात आत घालायचा नाही. पट्टीचं टोक बोल्टवर केसभरही सरकताना दिसलं तर बुश किंवा बोल्टचं भोक गेलंय. मग चाक उचलून वर-खाली हलवून बॉल जॉइंट, डावी-उजवीकडे हलवून टाय रॉडची टोकं तपासा. सगळं घट्ट झाल्यावरच कॅस्टर भरून काढा, कोन दुरुस्त करणाऱ्या बुशनं किंवा रेडियस आर्मचे ब्रॅकेट खाली घेऊन. पट्टी लांबी बदलता येणारी घ्या. पट्टी आणि ड्रॅग लिंक एकमेकींना समांतर राहिल्या पाहिजेत. फक्त एकीचा ब्रॅकेट खाली घेतला तर प्रत्येक उंचवट्यावर स्टिअरिंग आपणहून हलेल.

---

प्रश्न: उंची वाढवली तर पासिंगला अडचण येते का? आणि ‘बॉडी लिफ्ट’ कायद्यात बसते का? (नाशिक)

उत्तर: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. काम करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्वेअर स्पेसरचा फोटो काढतो, तेव्हा सांगायला गेलात तर उशीर झालेला असतो.

बॉडी लिफ्टमध्ये चॅसी आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे जातात. सस्पेन्शनला हात लागत नाही, पण चॅसीखालची जागाही वाढत नाही. कायद्याच्या दृष्टीनं तोही बदलच. वर स्टिअरिंगची दांडी, रेडिएटरचं फॅन कव्हर, डिझेल भरण्याचा पाइप सगळं ताणलं जातं. शेतातल्या वाटेसाठी त्याचा उपयोग नाही.

उंचीची दुसरी किंमतही सांगतो. गाडी आडवी व्हायला किती राजी आहे याचं साधं माप म्हणजे दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. अंतर १५५० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमीवर धरला तर उत्तर १.११ येतं. तोच ५० मिमी वर गेला की १.०३. आकडा जितका लहान, तितकी गाडी आडवी व्हायला राजी. घाटातल्या वळणावर हा फरक जाणवतो, टपावर सामान असेल तर जास्तच. आणि मागचा ॲक्सल अखंड असेल तर सस्पेन्शन कितीही उचला, मागच्या डिफरेन्शियलखाली एक मिमीही वाढत नाही. तिथे फक्त मोठं टायर उपयोगी पडतं. २६५/६५ आर१७ ऐवजी २६५/७० आर१७ घातलं तर सुमारे १३ मिमी मिळतात आणि काट्यावर ८० दिसताना खरा वेग ८२-८३ असतो.

---

प्रश्न: घरी कॉइल स्प्रिंग बदलायची आहे. स्प्रिंग दाबायचा दोन आकड्यांचा (हुकांचा) कॉम्प्रेसर मागवलाय. काय सांभाळायचं? (रत्नागिरी)

उत्तर: शॉकअपच्या डोक्यावर कडेला तीन नट असतात आणि मधोमध एक. गाडीवर असताना फक्त कडेचे तीन उघडायचे. मधला नट दाबलेली स्प्रिंग अडवून धरतो. तो गाडीवर किंवा स्प्रिंग न दाबता सोडला तर स्प्रिंग आणि वरची बैठक गोळीसारखी उडते.

घोड्या चॅसीखालीच ठेवा. वीट, दगड, लाकडी ओंडका चालणार नाही. पोकळ वीट काही न सांगता फुटते. बॉल जॉइंट मोकळा करण्याआधी खालच्या आर्मखाली जॅक टेकवून ठेवा, आणि तो हळूहळू सोडा.

बाहेर काढल्यावर कॉम्प्रेसरचे दोन आकडे बरोबर समोरासमोर लावा, शक्य तितके जास्त वेढे पकडा, पिना घाला. एकीकडे तीन-चार फेरे, मग दुसरीकडे तेवढेच. हातपान्यानंच, इम्पॅक्ट गननं नाही. गननं आटे तापून खातात आणि आकडा सुटतो. सगळा वेळ शॉकअपच्या टोकांच्या रेषेत उभं राहू नका. स्प्रिंग बैठकीत हातानं गोल फिरू लागली की ती मोकळी झाली, मगच मधला नट. पिकअपची स्प्रिंग जाड असते. आकडे वेढ्यावरून घसरताना किंवा दांडी वाकताना दिसली तर तिथेच थांबा आणि भिंतीवर बसवलेला कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये न्या.

परत जोडताना स्प्रिंगचं कापलेलं टोक बैठकीच्या खाचेत टेकलंय का ते बघा. स्टॅबिलायझरची लिंक दोन्ही बाजूंची बरोबरच जोडा. आणि खालच्या आर्मचे बोल्ट चाकं लोंबत असताना पूर्ण आवळू नका. बुशमधलं रबर त्याच जागी चिकटतं, गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट हाताला घट्ट लागेपर्यंतच आवळा, चाकं बसवा, गाडी जमिनीवर उतरवा, बॉनेट दाबून दोन हिसके द्या, मग खाली शिरून पुस्तिकेतल्या टॉर्कला शेवटचा पाना फिरवा. ५०० किलोमीटरनंतर तेच बोल्ट पुन्हा.